काचेच्या नळीला अस्तर नसतं

मागच्या अंकात ‘रक्त पातळ की घट्ट’ या विषयावर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग आला. बहुतेकांच्या हातात एकाच जातीचा रिपोर्ट आहे, म्हणून या खेपेला बाकीचे विषय बाजूला ठेवते. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रक्त गोठण्याच्या तपासण्यांच्या टेबलाशी माझी २७ वर्षं गेली. औषधाचा डोस ठरवणं माझं काम नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं. रिपोर्ट काय बोलतो आणि काय बोलत नाही, तेवढं मी सांगू शकते.

प्रश्न : माझं वय ३४. घोट्याला प्लास्टर होतं. तीन आठवड्यांनी त्याच पायाची पोटरी सुजली आणि सोनोग्राफीत खोल शिरेत गुठळी निघाली. रक्ताच्या रिपोर्टात एपीटीटी, म्हणजे नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ, ५८ सेकंद (नॉर्मल २६ ते ३६) आणि खाली ‘ल्युपस अँटीकोॲग्युलंट पॉझिटिव्ह’. म्हणजे माझं रक्त उशिरा गोठतं ना? मग गुठळी झाली कशी, आणि वर रक्त पातळ करायची गोळी कशाला? शिवाय मला ल्युपस नाही असं डॉक्टरच म्हणतात. संततिनियमनाची गोळी दोन वर्षं चालू होती, तिचा काही संबंध असेल का?

उत्तर : या नावात दोन शब्द आहेत आणि तुमच्या बाबतीत दोन्ही खोटे आहेत. १९५२ मध्ये ल्युपसच्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजाराच्या, रुग्णांत रक्त गोठणं लांबवणारा हा घटक वर्णिला गेला, म्हणून ‘ल्युपस’. नळीत गोठणं लांबतं म्हणून ‘अँटीकोॲग्युलंट’. १९६३ मध्येच लक्षात आलं होतं की ज्यांच्या रक्तात तो सापडतो त्यांना गुठळ्यांचा त्रास होतो. तरी १९७२ मध्ये बारसं याच नावाने झालं आणि आता ते काही केल्या पुसलं जात नाही. हा घटक ज्यांच्यात सापडतो त्यांतल्या पुष्कळांना ल्युपस कधीच नसतो.

आता ते ५८ सेकंद. ही तपासणी हाताने करायचे दिवस मी पाहिलेत. ३७ अंशांच्या पाण्यात नळी. तिच्यात प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव, १०० मायक्रोलिटर. त्यात तेवढंच रसायन : फॉस्फोलिपिड नावाची स्निग्ध द्रव्यं आणि गोठण्याची साखळी चालू करून देणारी बारीक पूड. काही मिनिटं थांबायचं, मग कॅल्शियम टाकायचं आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच दाबायचं. नळी हळूच तिरकी करायची, सरळ करायची, पुन्हा तिरकी. द्रव पाण्यासारखा सरकत असतो, सरकत असतो, आणि अचानक त्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा एक तंतू धरतो. पुढच्या हेलकाव्याला सगळं थिजलेलं. तिथे घड्याळ थांबवायचं.

गोठण्याचे घटक मोकळ्या द्रवात एकमेकांना चटकन सापडत नाहीत. त्यांना बसायला फॉस्फोलिपिडचा पाट लागतो. तुमच्या रक्तातले प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, तो पाटच अडवून बसतात, म्हणून त्यांना अँटीफॉस्फोलिपिड प्रतिपिंड म्हणतात. घटकांना जागा मिळायला उशीर, म्हणून तंतू धरायला उशीर. ५८ सेकंदांचा अर्थ एवढाच. खात्री करायला तुमच्या प्लाझ्मात निम्मा निरोगी माणसाचा प्लाझ्मा मिसळतात. एखादा घटक कमी असता तर भर पडून वेळ सुधारला असता. इथे सुधारत नाही, कारण अडवणारा जागेवरच आहे. मग फॉस्फोलिपिड भरपूर घालतात. पाट इतके होतात की ते सगळे अडवायला प्रतिपिंड पुरत नाहीत, आणि वेळ झटकन खाली येतो. याच कामासाठी आणखी एक तपासणी असते, तिच्यात घोणस सापाचं विष अगदी पातळ करून वापरतात. ते साखळीच्या मधल्याच कडीवर, दहाव्या घटकावर, थेट घाव घालतं.

मी स्वतः या नावाला फसलेली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी शस्त्रक्रियेआधीच्या एका नमुन्यात एपीटीटी ६१ सेकंद आला. प्लाझ्मा मिसळून न पाहताच मी रिपोर्टाखाली लिहिलं, ‘रक्तस्रावाची शक्यता, काळजी घ्यावी’. सर्जननी काळजी घेतली : नंतर गुठळी होऊ नये म्हणून द्यायची इंजेक्शनं त्यांनी दिलीच नाहीत. सहाव्या दिवशी त्या बाईंचा डावा पाय मांडीपर्यंत सुजला. त्या बऱ्या झाल्या, पण माझी ती ओळ त्यांच्या फाइलमध्ये राहिलीच. मला वाटलं आमचे वरिष्ठ फाडून खातील. त्यांनी फक्त विचारलं, “तुझ्या नळीला अस्तर होतं का गं?”

तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. शरीरात रक्त काचेला लागत नाही. ते एकाच पेशीच्या जाडीच्या अस्तरावरून वाहतं. काचेला लागलं की थोड्या वेळात गोठणारं रक्त या अस्तराला लागून आयुष्यभर पातळ राहतं, ते अस्तर गुळगुळीत आहे एवढ्याने नव्हे. ते सतत राबत असतं. नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडून प्लेटलेटना लांब ठेवतं, हेपारिन या गोठणं रोखणाऱ्या द्रव्याच्या जातीच्या साखळ्यांची लव पांघरून असतं, कुठे बारीक गुठळी धरलीच तर ती विरघळवायची सोय करतं. त्यातली माझी आवडती करामत थ्रॉम्बोमोड्युलिनची. थ्रॉम्बिन हा गुठळी बांधणारा मुख्य गवंडी. पण तो अस्तरावरच्या थ्रॉम्बोमोड्युलिनला जाऊन चिकटला की पक्ष बदलतो. प्रोटीन सी नावाच्या प्रथिनाला तोच जागं करतो आणि ते प्रथिन गोठण्याचे घटक कापत सुटतं. यातलं काहीही माझ्या नळीत नसतं. तुमचे प्रतिपिंड नळीत पाट अडवतात, शरीरात मात्र या अस्तरालाच फितवतात. कुंपणानेच शेत खायला लागावं तसं. म्हणून रिपोर्टही खरा आणि गोळीही खरी.

संततिनियमनाच्या गोळीचा संबंध आहे. तिच्यात इस्ट्रोजेन असेल तर ती तुम्हाला चालणार नाही. अजून कोणी विचारलं नसेल तर आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि ही तपासणी १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, तेव्हा कुठली गोळी चालू आहे ते नमुना घेणाऱ्याला आधी सांगा. हेपारिन, वारफरिन आणि नव्या गोळ्या, रक्त पातळ करणारी ही सगळीच औषधं या तपासणीत लुडबुड करतात.

प्रश्न : मी जीवशास्त्र शिकवतो. हे प्रतिपिंड अस्तराच्या पेशी मारतात का? आणि ते फॉस्फोलिपिडविरुद्ध असतील तर फॉस्फोलिपिड प्रत्येक पेशीच्या पडद्यात असतं. मग सगळ्या शरीरावरच हल्ला का होत नाही?

उत्तर : सर, दुसरा प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा आहे, म्हणून आधी तो. इथेही नाव फसवं निघालं. १९९० मध्ये तीन वेगवेगळ्या गटांना कळलं की यातले त्रासदायक प्रतिपिंड नुसतं फॉस्फोलिपिड ओळखतच नाहीत. ते ओळखतात रक्तातलं एक प्रथिन, बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन-वन. ते पाच मण्यांच्या माळेसारखं असतं. रक्तात फिरताना ही माळ कड्यासारखी मिटलेली असते, त्यामुळे प्रतिपिंड असूनही काही बिघडत नाही. ऋण भार असलेलं फॉस्फोलिपिड दिसलं की पाचवा मणी त्याला चिकटतो, कडं उघडून गळासारखं होतं आणि पहिल्या मण्यावरची झाकलेली बाजू उघडी पडते. प्रतिपिंड बसतो तो तिथे. त्याला हात दोन, म्हणून तो शेजारशेजारची दोन प्रथिनं एकदम बांधतो आणि मग ती जोडी पडद्याला घट्ट धरून बसते. असं ऋण भाराचं फॉस्फोलिपिड शांत पेशी आपल्या पडद्याच्या आतल्या अंगाला ठेवते. पेशी बिथरली की ते बाहेर येतं. सगळ्या शरीरावर हल्ला होत नाही तो यामुळे.

आता पहिला. मारतात असं सहसा होत नाही, बिघडवतात. अस्तराच्या पेशीवर काही ग्राहक आहेत : ॲनेक्झिन ए-टू, एपीओईआर-टू, आणि जंतूंची चाहूल घेणारा टीएलआर-फोर. बांधलेली जोडी त्यांना टोचते. आत निरोप जातो, एनएफ-कप्पा-बी नावाचा स्विच चालू होतो आणि पुढच्या काही तासांत पेशीचं रूप पालटतं. गोठण्याची ठिणगी असलेला टिश्यू फॅक्टर शहाणं अस्तर रक्ताकडे कधीच काढत नाही. तो आता पृष्ठभागावर येतो. पांढऱ्या पेशींना धरून ठेवणारे चिकट रेणू उगवतात. नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम मंदावतं. शेजारून जाणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी स्वतःच्या डीएनएची जाळी फेकतात आणि त्या जाळीत प्लेटलेट अडकतात. कॉम्प्लिमेंट ही जंतूंविरुद्धची जुनी यंत्रणाही मध्ये पडते. शिवाय ॲनेक्झिन ए-फाइव्ह नावाचं प्रथिन पडद्यावर फरशीसारखं पसरून गोठणाऱ्या घटकांना जागा देत नाही. प्रतिपिंड ती फरशीही उखडतात.

तरीही प्रतिपिंड असलेल्या माणसाला रोज गुठळी होत नाही, आणि मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट हीच. उंदरांवरच्या प्रयोगांत नुसते प्रतिपिंड टोचून फारसं काही होत नाही. त्यांच्या जोडीला रक्तवाहिनीला थोडी इजा केली किंवा जंतूंचं विष दिलं की गुठळी भराभर वाढते. अभ्यासक याला दोन धक्क्यांचं गणित म्हणतात. पहिला धक्का प्रतिपिंडांचा, तो अस्तराला काठावर नेऊन ठेवतो. दुसरा धक्का जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, धूम्रपान, गरोदरपण, इस्ट्रोजेन किंवा एका जागी पडून राहणं यांपैकी कशाचाही. वरच्या पत्रातल्या ताईंना प्लास्टर आणि गोळी असे दुसरे धक्के दोन बसले.

प्रश्न : माझ्या सुनेचं ११व्या आठवड्यात एकदा आणि २०व्या आठवड्यात एकदा पोट पडलं. आता तिसऱ्यांदा दिवस गेलेत. कार्डिओलिपिनचे (हेही एक फॉस्फोलिपिड) प्रतिपिंड दोन्ही वेळा जास्त निघाले, म्हणून रोज पोटावर हेपारिनचं इंजेक्शन आणि ॲस्पिरिनची छोटी गोळी दिली आहे. पोटावर काळेनिळे डाग पडलेत. बाळाचं रक्तही पातळ होईल का? मला रात्रभर झोप येत नाही.

उत्तर : काकू, आधी झोपेचं. हेपारिनचा रेणू इतका मोठा असतो की तो वार ओलांडून बाळाकडे जाऊच शकत नाही. बाळाचं रक्त पातळ होत नाही. वारफरिन मात्र ओलांडतं आणि बाळाला अपाय करू शकतं, म्हणून गरोदरपणात ते टाळून सुनबाईंना हे टोचणं दिलं आहे. डाग सुईच्या जागचे आहेत. रोज जागा बदला, नाभीपासून दोन बोटं लांब राहा आणि टोचल्यावर चोळू नका. चोळलं की डाग पसरतो. हिरड्यांतून, अंगावरून किंवा लघवीतून रक्त जायला लागलं तर मात्र लगेच दाखवा. अधूनमधून प्लेटलेट मोजायला सांगतील, ती तपासणी चुकवू नका.

पूर्वी आम्हाला शिकवलं होतं की वारेत गुठळ्या होतात आणि बाळाचा पुरवठा तुटतो. काहींत तसं होतंही, पण सगळी गोष्ट तेवढीच नाही. हे प्रतिपिंड वारेच्या पेशींवर थेट बसतात, त्यांची रुजण्याची ताकद कमी करतात आणि तिथे कॉम्प्लिमेंट पेटवतात. २००४ मध्ये उंदरांवर एक सुरेख प्रयोग झाला. हेपारिनने पिल्लं वाचली. पण गोठणं तेवढंच थांबवणारी आणि कॉम्प्लिमेंटला हात न लावणारी दुसरी दोन औषधं दिली तर पिल्लं वाचली नाहीत. म्हणजे हेपारिन तिथे निव्वळ रक्त पातळ करण्यापलीकडचं काही करत होतं. हे उपचार घेऊन बहुसंख्य बायकांची बाळंतपणं सुखरूप होतात. कळा सुरू झाल्या तर शेवटचं इंजेक्शन किती वाजता घेतलं ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना पहिल्यांदा सांगा, पाठीतली भूल द्यायची की नाही ते त्यावर ठरतं. आणि बाळ झालं म्हणून इंजेक्शन आपल्या मनाने बंद करू नका. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे गुठळ्यांच्या दृष्टीने नाजूकच असतात.

प्रश्न : फुप्फुसात गुठळी झाल्यापासून चार वर्षं वारफरिनवर आहे. तिन्ही प्रतिपिंड पॉझिटिव्ह आहेत. दर महिन्याला आयएनआरसाठी, म्हणजे रक्त किती पातळ झालं ते सांगणाऱ्या आकड्यासाठी, हात टोचून घ्यायचा कंटाळा आलाय. मित्राला नवी गोळी आहे, तिला तपासणीच लागत नाही. मीही बदलून घेऊ का?

उत्तर : कंटाळा समजतो, पण तिन्ही (ल्युपस अँटीकोॲग्युलंट, कार्डिओलिपिनचे आणि बीटा-टू-ग्लायकोप्रोटीन-वनचे प्रतिपिंड) पॉझिटिव्ह असताना आपण होऊन बदलू नका. तुमच्या मित्राची गुठळी वेगळ्या कारणाची असणार. इटलीत तुमच्यासारख्याच, तिन्ही पॉझिटिव्ह असलेल्या १२० जणांवर अभ्यास झाला. निम्म्यांना रिव्हारोक्साबान ही नवी गोळी, निम्म्यांना वारफरिन. तो वेळेआधी थांबवावा लागला. रिव्हारोक्साबान घेणाऱ्या ५९ जणांत चौघांना पक्षाघात आणि तिघांना हृदयविकाराचा झटका आला, वारफरिनच्या गटात असं एकालाही झालं नाही. निकाल २०१८ मध्ये छापून आला आणि २०१९ मध्ये युरोपातल्या औषध नियामकांनी या आजारात (अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम), विशेषतः तिन्ही पॉझिटिव्ह असणाऱ्यांत, या गोळ्या देऊ नयेत असं सांगितलं. पुन्हा बघा, झटके धमनीतले होते, जिथे अस्तराचा वाटा मोठा.

एक सूचना. बोटाला टोचून लगेच आकडा देणारी छोटी यंत्रं तुमच्यासारख्यांत कधीकधी आयएनआर खोटाच वाढवून दाखवतात, कारण त्या पट्टीतही फॉस्फोलिपिड असतं आणि तुमचे प्रतिपिंड तेही अडवतात. यंत्रावर ४ दिसला म्हणून गोळी चुकवली आणि खरा आकडा २ च्या खाली होता, असं मी पाहिलंय. शिरेतून रक्त देऊन प्रयोगशाळेतच करा.

प्रश्न : वय २६, अविवाहित. नोकरीआधीच्या तपासणीत व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली. गुप्तरोग आहे म्हणाले. माझे कधीच कोणाशी संबंध आले नाहीत. घरी कोणी बोलत नाही. (नाव छापू नये.)

उत्तर : घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या. व्हीडीआरएलमध्ये सिफिलिसचा जंतू शोधत नाहीत. त्यात कार्डिओलिपिन असतं, १९४१ मध्ये बैलाच्या हृदयातून वेगळं काढलेलं फॉस्फोलिपिड. सिफिलिसमध्ये त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात, तसेच ते इतर कारणांनीही होतात आणि तपासणीला दोघांतला फरक कळत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार प्रयोगशाळेत चांगला जुना आहे. टीपीएचए करून घ्या, ती जंतूच्याच प्रथिनांवर चालते. ती निगेटिव्ह आली तर सिफिलिसचा विषय संपला, पण कार्डिओलिपिनचा सुरू होतो : तिन्ही प्रतिपिंड एकदा तपासून घ्या. सांधे दुखणं, उन्हाने चेहऱ्यावर लाली येणं, असं काही असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : नाकाचं हाड वाढल्याच्या ऑपरेशनआधी एपीटीटी ४९ सेकंद आला. पुढच्या तपासणीत ल्युपस अँटीकोॲग्युलंट निघालं. आजवर काही त्रास नाही. आयुष्यभर औषध लागणार का?

उत्तर : एका रिपोर्टावर नाही. जंतुसंसर्गानंतर आणि काही औषधांनी हे प्रतिपिंड येतात आणि आपोआप जातात. १२ आठवड्यांनी पुन्हा करा. तेव्हाही राहिले तर डॉक्टर तुमचे बाकीचे धोके मोजतील. सिगारेट ओढत असाल तर ती आजच सुटलेली बरी. ऑपरेशनचं म्हणाल तर प्लेटलेट आणि प्रोथ्रॉम्बिन हा गोठण्याचा घटक ठीक असतील तर तुम्हाला रक्तस्रावाची भीती नाही. भीती उलट बाजूची आहे, हे सर्जनना सांगा. माझ्या त्या बाईंना कोणी सांगितलं नव्हतं.

प्रश्न : मी टेक्निशियन आहे. एकाच पेशंटचा ल्युपस अँटीकोॲग्युलंट ताज्या नमुन्यात पॉझिटिव्ह आला आणि त्याच नमुन्याचा गोठवून ठेवलेला भाग नंतर लावला तर निगेटिव्ह. मशीन बरोबर आहे, कंट्रोल बरोबर आहेत. मॅडम, माझं काय चुकतंय?

उत्तर : सेंट्रीफ्यूजमध्ये एकदाच फिरवून गोठवलंस ना? प्लाझ्मात प्लेटलेट राहिल्या. थंडीने गोठताना त्या फुटतात आणि त्यांच्या पडद्यातलं फॉस्फोलिपिड प्लाझ्मात उतरतं. आपण खात्री करायला जे फॉस्फोलिपिड मुद्दाम ओततो, ते तुझ्या नमुन्यात आधीच ओतलं गेलं, म्हणून प्रतिपिंड झाकले गेले. पहिल्यांदा फिरवल्यावर वरचा प्लाझ्मा प्लास्टिकच्या नळीत काढ, तळाच्या थराला पिपेट लावू नकोस. तो पुन्हा फिरव. दुसऱ्या खेपेला तळाशी काही दिसलं नाही तरी शेवटचा पाव मिलिलिटर सोडून दे. मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली प्लेटलेट हव्यात, एकदा काउंटरवर मोजून बघ. मगच गोठव. आणि तो निगेटिव्ह रिपोर्ट अजून गेला नसेल तर अडवून ठेव. गेला असेल तर डॉक्टरांना फोन कर.